रेडिओ ते ऑनलाइन वर्ग : उच्च प्राथमिक विद्यार्थ्यांच्या दूरस्थ अध्यापनाचा ऐतिहासिक मागोवा (१९३७-२०२२)

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष उजाडले ते वर्गखोल्यांविना. पुढील दोन वर्षांत 'ऑनलाइन शिक्षण' हा शब्द शिक्षक, पालक आणि शासन या तिघांच्याही तोंडी इतका रुळला की, ही अध्यापनपद्धती जणू त्याच वर्षी जन्माला आली, असा समज पसरला. वस्तुतः शाळेपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या मुलापर्यंत शिक्षकाचा आवाज पोहोचविण्याचे प्रयत्न त्यापूर्वी किमान ऐंशी वर्षे चालू होते. त्यांपैकी काही प्रयत्न यशस्वी झाले, काही अर्धवट राहिले आणि काही विस्मरणात गेले. जे विस्मरणात गेले त्यांत महाराष्ट्राच्या स्वतःच्या एका संस्थेचाही समावेश होतो.

प्रस्तुत निबंधात या प्रयत्नांचा मागोवा प्रामुख्याने उच्च प्राथमिक वर्गांतील, म्हणजे सुमारे अकरा ते चौदा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांच्या अंगाने घेतला आहे. हा वयोगट निवडण्यास कारण आहे. पहिली-दुसरीच्या मुलाला अक्षरओळख करून देणे घरातील कोणालाही थोडेफार जमू शकते. दहावी-बारावीचा विद्यार्थी परीक्षेच्या धाकाने का होईना, पण स्वतः पुस्तक उघडतो. मधल्या वर्गांतील मुलाची स्थिती वेगळी असते. पूर्णांक संख्यांची वजाबाकी, बैजिक राशी, समीकरण, गुणोत्तर-प्रमाण या अमूर्त संकल्पना याच तीन वर्षांत त्याच्यापुढे येतात आणि नेमके याच टप्प्यावर अनेक घरांतील आईवडिलांचे स्वतःचे शिक्षण थांबलेले असते. मूल चुकते, परंतु आपण चुकलो हे त्याला कळत नाही आणि घरात ते सांगणारे कोणी नसते. वर्गात शिक्षक बाकांमधून फिरताना वहीवर नजर टाकतो व तेवढ्यात चूक पकडतो. दूरस्थ अध्यापनात ही नजर नाहीशी होते.

त्यामुळे या इतिहासाकडे पाहताना पाठ मुलापर्यंत कसा गेला, हा प्रश्न दुय्यम ठरतो. मुलाचे उत्तर शिक्षकापर्यंत कसे परत आले, हा खरा प्रश्न आहे. जाण्याची वाट प्रत्येक पिढीत रुंद होत गेली. परतीच्या वाटेचे काय झाले, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

शिकागो, १९३७ : साथीच्या काळातील रेडिओशाळा

अमेरिकेतील शिकागो शहरात १९३७ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस पोलिओची साथ पसरली. त्या काळी पोलिओवर लस उपलब्ध नव्हती. सप्टेंबरमध्ये शाळा उघडणे धोक्याचे ठरेल म्हणून शहराच्या आरोग्य यंत्रणेने शाळा उघडण्याची तारीख पुढे ढकलली. तेव्हाचे शाळा अधीक्षक विल्यम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत शिक्षण खात्याने स्थानिक रेडिओ केंद्रांशी बोलणी केली आणि १३ सप्टेंबर १९३७ पासून तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी रेडिओवरून पाठ सुरू झाले. केंद्रांनी वेळ विनामूल्य दिला. प्रत्येक पाठ सुमारे पंधरा मिनिटांचा असे. सामाजिक शास्त्रे व विज्ञान एका दिवशी, तर इंग्रजी व गणित दुसऱ्या दिवशी, अशी आलटून पालटून वाटणी केलेली होती.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य रेडिओत शोधू नये. ते वर्तमानपत्रांत आणि दूरध्वनीत होते. शहरातील दैनिके त्या त्या दिवसाचे वेळापत्रक, पाठाची रूपरेषा आणि सोडवावयाचे प्रश्न रोज छापत. मुलाने रेडिओ ऐकायचा, वर्तमानपत्रातील प्रश्न सोडवायचे आणि शाळा उघडल्यावर केलेले काम शिक्षकाला दाखवायचे, अशी अपेक्षा होती. शिवाय शिक्षण खात्याने पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीची सोय केली होती व त्यावर शिक्षक बसविले होते. पहिल्याच दिवशी हजाराहून अधिक दूरध्वनी आले व शिक्षकांची संख्या वाढवावी लागली. पाठ ऐकविण्याची तयारी पुरेशी होती. परत येणाऱ्या प्रश्नांचा अंदाज मात्र चुकला.

ही व्यवस्था जेमतेम तीन आठवडे चालली. शाळा उघडताच रेडिओचे पाठ थांबले. तिच्यावर त्या काळी झालेली टीका आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल. काही घरांत रेडिओ नव्हता, काही ठिकाणी आवाज नीट येत नव्हता, पाठाची गती हुशार मुलांना झेपत होती आणि मागे पडणाऱ्या मुलांना नव्हती. वर्गात एखादे मूल गोंधळलेले दिसले की शिक्षक थांबतो. रेडिओवरील शिक्षकाला थांबण्याचे कारणच कळत नाही. ऐंशी वर्षांनंतर दृक्‌श्राव्य साधने हाताशी असतानाही हीच तक्रार जवळजवळ याच शब्दांत ऐकू आली.

ॲलिस स्प्रिंग्ज : वाळवंटातील शाळा

शिकागोचा प्रयोग तात्पुरता होता. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे ८ जून १९५१ रोजी रीतसर सुरू झालेली 'स्कूल ऑफ द एअर' ही शाळा मात्र कायमस्वरूपी ठरली व आजही चालू आहे. या शाळेकडे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण दूरस्थ पद्धतीने मुलांना शिकविण्याचा इतका दीर्घ आणि सलग अनुभव जगात फारच थोड्या संस्थांकडे आहे.

तिची पार्श्वभूमी वैद्यकीय आहे. जॉन फ्लिन या धर्मोपदेशकाच्या प्रयत्नांतून १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागासाठी विमानाने डॉक्टर पाठविण्याची सेवा सुरू झाली. परंतु रोगी आहे हे डॉक्टरला कळवायचे कसे? वीज नव्हती, तारा नव्हत्या. आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने सायकलसारखे पायटे मारून वीज निर्माण करणारा बिनतारी संच तयार केला आणि शेकडो किलोमीटर अंतरावरील पशुपालन केंद्रे परस्परांशी व डॉक्टरशी बोलू लागली. या संचांचा उपयोग शिक्षणासाठी करता येईल, ही कल्पना दक्षिण ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ ॲडेलेड मिएथके यांची. ॲलिस स्प्रिंग्जच्या भेटीत त्यांच्या असे लक्षात आले की, दूरच्या वस्त्यांवरील मुले विलक्षण बुजरी आहेत. त्यांना समवयस्कांशी बोलण्याची सवयच नाही. म्हणजे या शाळेचा उगम अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या चिंतेत नाही, मुलांच्या एकटेपणाच्या जाणिवेत आहे. पुढे जे काही घडले त्यावर या उगमाची छाप राहिली.

प्रारंभी प्रसारण एकतर्फी होते. शिक्षिका बोलत आणि मुले ऐकत. लवकरच प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवण्यात आली आणि मुले आपापल्या संचावरून उत्तर देऊ लागली. जो संच डॉक्टरला हाक मारण्यासाठी बसविला होता त्यात बोलण्याची सोय आधीपासूनच होती. शाळेने ती फक्त वापरली. एका मुलाचे उत्तर इतर सर्वांना ऐकू जाई. कित्येक तासांच्या अंतरावर राहणारी, एकमेकांना कधीही न पाहिलेली मुले आवाजावरून एकमेकांना ओळखू लागली.

लेखी अभ्यास टपालाने जाई. पत्रद्वारा शिक्षणाची व्यवस्था ऑस्ट्रेलियात आधीपासून होती. रेडिओने तिला आवाज दिला, तिची जागा घेतली नाही. सोडविलेली उत्तरे शिक्षकाकडे पोहोचून तपासून परत येईपर्यंत बराच काळ जाई, परंतु ती परत येत, हे महत्त्वाचे. याखेरीज घरात एक व्यक्ती मुलाजवळ बसलेली असे. बहुधा ती आई असे. काही कुटुंबे यासाठी एखादी तरुणी नेमत. शाळेच्या व्यवस्थेत या व्यक्तीला नाव आहे, काम आहे आणि मार्गदर्शनही आहे. शिक्षक वर्षातून एकदा विद्यार्थ्याच्या घरी जातात आणि वर्षातून काही वेळा सर्व मुले ॲलिस स्प्रिंग्जमध्ये आठवडाभर एकत्र येतात.

या शाळेचे कार्यक्षेत्र सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक आहे. विद्यार्थी मात्र शे-दीडशेच्या घरात. ही संख्या पाहून असे म्हणता येईल की, एवढ्या थोड्या मुलांसाठी कोणतीही पद्धत यशस्वी झाली असती. हा आक्षेप बराचसा योग्य आहे आणि पुढे भारतातील प्रयोगांचा विचार करताना तो विसरता येणार नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या शाळेने रेडिओ सोडून उपग्रहाधारित इंटरनेट स्वीकारले. आता शिक्षक मुलांना दिसू लागले, फळा दिसू लागला. तथापि, घरातील मार्गदर्शक, शिक्षकाची वार्षिक भेट आणि वर्षातील एकत्र आठवडे यांपैकी काहीही शाळेने बंद केले नाही. साधन बदलले, परंतु साधनाभोवतीची माणसे तशीच राहिली.

'साईट' : चोवीसशे गावे आणि एक उपग्रह

भारतात आकाशवाणीवरून शालेय कार्यक्रम स्वातंत्र्यापूर्वीच सुरू झाले होते आणि दिल्लीतील माध्यमिक शाळांसाठी १९६१ पासून दूरचित्रवाणीचे पाठही दिले जात होते. परंतु दूरस्थ अध्यापनाचा खरा मोठा प्रयोग म्हणजे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळातील उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोग. तो 'साईट' या नावाने ओळखला जातो. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला. साराभाईंचे निधन १९७१ मध्ये झाले, त्यामुळे प्रत्यक्ष प्रयोग त्यांना पाहता आला नाही. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक यशपाल यांच्या नेतृत्वाखाली तो पार पडला.

आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट उपग्रहाकडून संदेश घेणारे दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीपासून बनविलेली, सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना गावाच्या छपरावर उभी राहिली. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास प्रौढांसाठी कार्यक्रम होत. महाराष्ट्रातील गावे या प्रयोगात नव्हती. परंतु मुलांसाठीच्या विज्ञानविषयक कार्यक्रमांच्या निर्मितीत मुंबईतील इस्रोच्या स्टुडिओचा वाटा होता.

सकाळचे कार्यक्रम पाच ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठी होते. म्हणजे अक्षरे गिरवणारे मूल आणि अपूर्णांक शिकणारे मूल एकाच संचापुढे बसत होते. अकरा-बारा वर्षांच्या मुलासाठी वेगळा पाठ देण्याइतका वेळ उपग्रहावर उपलब्धच नव्हता, कारण तोच वेळ निरनिराळ्या भाषांत वाटायचा होता. प्रयोगानंतर झालेल्या मूल्यमापनात मुलांचा भाषाविकास आणि नवी माहिती मिळविण्याची ओढ यांवर अनुकूल परिणाम दिसला. शालेय विषयांतील प्रगतीवर मात्र तसा ठळक परिणाम आढळला नाही. यात आश्चर्य नाही. मुलांनी खूप पाहिले, कुतूहल वाढले, शब्दसंग्रह वाढला. परंतु गणितातील चूक दुरुस्त करण्यासाठी ती चूक कोणाला तरी दिसावी लागते आणि उपग्रहाला ती दिसत नव्हती.

याच प्रयोगातील एका घटकाकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यासाठी बारा दिवसांचा एक कार्यक्रम आखण्यात आला होता आणि दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ४८,००० शिक्षकांनी तो पूर्ण केला. येथे केवळ दूरचित्रवाणी नव्हती. तिच्या जोडीला रेडिओ होता, कृतिपुस्तिका होत्या, हाताने करावयाचे प्रयोग होते आणि प्रत्येक केंद्रावर चर्चा घडवून आणणारी एक व्यक्ती उपस्थित होती. पडदा तोच, उपग्रहही तोच. मुलांना मात्र पडद्याखेरीज फारसे काही मिळाले नाही. मोठ्यांना शिकविताना ज्या गोष्टी आवश्यक मानल्या गेल्या, त्या लहानांना शिकविताना वगळल्या गेल्या, ही विसंगती नोंदविण्यासारखी आहे.

बालचित्रवाणी : महाराष्ट्राची विस्मृती

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह कार्यरत झाल्यावर केंद्र शासनाने सहा राज्यांत शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन करण्यास साहाय्य केले. महाराष्ट्रातील संस्था १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झाली व 'बालचित्रवाणी' या नावाने घरोघर परिचित झाली. दूरदर्शनवर मराठीतून शालेय विषयांवर नियमित कार्यक्रम सादर करणारी ही संस्था होती. पाठ्यपुस्तक, शिक्षक आणि कॅमेरा यांची सांगड मराठीत कशी घालावयाची, याचा अनुभव तीन दशकांहून अधिक काळ तेथे साठत गेला. पडद्यावर प्रयोग दाखविताना किती सावकाश जावे, प्रमाण भाषा आणि बोली यांचे प्रमाण काय असावे, शिक्षकाने कॅमेऱ्याकडे पाहावे की मुलांकडे, अशा प्रश्नांची उत्तरे सरावातूनच मिळतात. ती परिपत्रकातून मिळत नाहीत.

केंद्राचे अनुदान थांबल्यानंतर संस्थेची आर्थिक ओढाताण सुरू झाली. खासगी वाहिन्या आल्या, प्रेक्षक विखुरले, तंत्र बदलले. अखेर २०१७ मध्ये राज्य शासनाने बालचित्रवाणी बंद केली. कालबाह्य साधनांवर खर्च कशाला, हा युक्तिवाद त्या वेळी पटण्यासारखा वाटला असेल. योगायोग असा की, त्याच वर्षी शालेय शिक्षणासाठी 'दीक्षा' हे राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ सुरू झाले आणि महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याच्या उपक्रमालाही गती आली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग आपल्या वर्गात आधीच केला होता व २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कोड स्कॅन केला की चित्रफीत उघडते, ही सोय निश्चितच उपयुक्त होती. परंतु चित्रफीत कोणी बनवायची, कोणत्या मराठीत बनवायची आणि ती पाहून मुलाला न समजलेले कोणाला विचारायचे, हे प्रश्न कोडने सुटले नाहीत.

केरळची तुलना येथे अपरिहार्य ठरते. तेथे जुलै २००५ मध्ये 'व्हिक्टर्स' ही शैक्षणिक वाहिनी तत्कालीन राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झाली. तिचा मूळ आधार असलेला 'एज्युसॅट' उपग्रह २०१० मध्ये निवृत्त झाला, तरी राज्याने वाहिनी बंद होऊ दिली नाही. त्यामुळे १ जून २०२० रोजी, म्हणजे नव्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्याच दिवशी, 'फर्स्ट बेल' या नावाने शालेय पाठ सुरू करणे तेथे शक्य झाले. महाराष्ट्रात सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका २० जुलैपासून सुरू झाली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केलेल्या या मालिकेचा दर्जा चांगला होता. पडद्यावर शिक्षकाने व्याख्यान देण्याऐवजी मुले व घरातील मोठी माणसे मिळून घरच्याच वस्तूंनी कृती करतात, ही तिची कल्पना बालशिक्षणाच्या दृष्टीने अतिशय योग्य होती. परंतु जेथे तीन वर्षांपूर्वीपर्यंत शासनाची स्वतःची यंत्रणा होती, तेथे सर्व काही नव्याने उभे करावे लागले.

२०२०-२२ : उत्तर कोणाकडे जाते?

साथीच्या काळातील घटनाक्रम थोडक्यात सांगता येईल. एप्रिल २०२० मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' हा उपक्रम सुरू करून व्हॉट्सॲपवरून रोज अभ्याससाहित्य पाठविण्यास आरंभ केला. जुलैमध्ये केंद्र शासनाच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना आल्या; त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसातून तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रे सुचविलेली होती. पाचवी ते आठवीचे वर्ग राज्याच्या बहुतेक भागांत २७ जानेवारी २०२१ रोजी उघडले, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे व शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा एकदा खंड पडला. शहरातील सहावीच्या मुलाचे जवळजवळ संपूर्ण दोन वर्षांचे उच्च प्राथमिक शिक्षण या उघडझापीत गेले.

साधनांची टंचाई खरी होती. 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुले असलेल्या घरांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते सप्टेंबर २०२० पर्यंत ६१.८ टक्के झाले. दोन वर्षांतील ही वाढ लक्षणीय आहे. परंतु त्याच सर्वेक्षणात मागील आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले केवळ एक तृतीयांशाच्या आसपास आढळली. म्हणजे फोन घरात होता. शाळा त्यावर आली नव्हती. शिवाय घरातील एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जात असे आणि तो रात्री परत आला की दोन-तीन भावंडांत वाटून घ्यावा लागे. दहावीच्या मुलाचा हक्क पहिला, सातवीच्या मुलीचा शेवटचा, हा क्रम अनेक घरांत कोणी न ठरवताच ठरून गेला.

मात्र टंचाईच्या चर्चेत दुसरी बाब झाकली गेली. ज्या मुलांकडे फोन होता, इंटरनेट होते, वेगळी खोलीसुद्धा होती, त्यांच्याबाबतही अध्यापन परिणामकारक होत होते काय? ऑनलाइन वर्गात चाळीस नावांच्या चौकटी दिसत. बहुतेकांचे कॅमेरे आणि ध्वनिक्षेपक बंद. 'समजले का?' या प्रश्नाला तीन-चार मुलांचा होकार येई व पाठ पुढे जाई. बारा-तेरा वर्षांचे मूल आपले अज्ञान सर्वांसमक्ष कबूल करण्यास सर्वांत अधिक संकोचते, ही या वयाची ओळखीची खूण आहे. प्रत्यक्ष वर्गात त्याचा चेहरा, थांबलेली पेन्सिल, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे या गोष्टी त्याच्या वतीने बोलत असतात. बंद कॅमेऱ्यामागे हे सारे मूक झाले.

अनेक शिक्षकांनी यावर आपापल्या परीने मार्ग काढले आणि ते मार्ग पाहिले की शिकागोचा दूरध्वनी व ॲलिस स्प्रिंग्जचे टपाल आठवल्याखेरीज राहत नाही. मुले वहीच्या पानाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवीत, शिक्षक फोनच्या पडद्यावरच बोटाने लाल खुणा करून ते परत पाठवीत. पाच-सहा मुलांचे छोटे गट करून आळीपाळीने बोलणे, आठवड्यातून एकदा घरी फोन करणे, वस्तीवर जाऊन झाडाखाली वह्या तपासणे, हे प्रकार राज्यभर झाले. सोलापुरातील निलमनगर परिसरात घरांच्या भिंतींवर पाठ रंगविण्यात आले. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यात आले. यांतील शेवटच्या दोन उपायांचे वर्तमानपत्रांत कौतुक झाले व ते योग्यच होते, कारण त्यांनी मुलांना शाळेशी जोडून ठेवले. परंतु भिंत आणि ध्वनिक्षेपक हेही एकतर्फीच. वहीच्या छायाचित्रांना मात्र कौतुक मिळाले नाही. ते काम शिक्षक रात्री दहापर्यंत करीत असत आणि कोणत्याही वेळापत्रकात त्याची नोंद नव्हती. 'प्रज्ञाता'ने मुलाच्या पडद्यापुढील मिनिटांची मर्यादा सांगितली. एका मुलाची वही पाहण्यास शिक्षकाला किती मिनिटे मिळावीत, हा प्रश्न तसाच राहिला.

याच काळात परदेशांत झालेल्या दोन संशोधनांची दखल येथे घेणे उचित ठरेल, कारण ती अनुभवाला आकड्यांची जोड देतात. बोट्स्वानामध्ये २०२० साली सुमारे ४,५०० कुटुंबांवर एक प्रयोग झाला. एका गटाला दर आठवड्याला गणिताची उदाहरणे लघुसंदेशाने पाठविली गेली. दुसऱ्या गटाला त्या संदेशाबरोबर शिक्षकाचा सुमारे वीस मिनिटांचा दूरध्वनीही जाई. ज्यांना दूरध्वनी आला त्यांच्या शिकण्यात स्पष्ट सुधारणा दिसली. केवळ संदेश मिळालेल्यांत ती तशी दिसली नाही. ही मुले प्राथमिक वर्गांतील होती आणि फोनही साधेच होते, इंटरनेट लागत नव्हते. दुसरा अभ्यास थेट उच्च प्राथमिक वयोगटातील आहे. इटलीमध्ये टाळेबंदीच्या काळात मिशेला कार्लाना आणि एलियाना ला फेरारा या अर्थशास्त्रज्ञांनी विद्यापीठातील स्वयंसेवक विद्यार्थ्यांना वंचित कुटुंबांतील सहावी ते आठवीच्या मुलांशी जोडून दिले. एका मुलासाठी एक शिकवणारा, आठवड्याला तीन ते सहा तास, ऑनलाइन. या मुलांची प्रगती तर सुधारलीच, शिवाय त्यांचे मानसिक स्वास्थ्यही सुधारल्याचे आढळले. म्हणजे ऑनलाइन माध्यम या वयाच्या मुलांना मुळातच मानवत नाही, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. एकास एक असताना जे साधले, ते चाळिसास एक असताना साधले नाही.

अर्थात महाराष्ट्रातील लाखो विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक स्वयंसेवक मिळणे शक्य नव्हते; ॲलिस स्प्रिंग्जविषयीचा वर नोंदविलेला आक्षेप येथेही लागू पडतो. परंतु आठवड्यातून एक दूरध्वनी आणि तपासलेले एक पान, एवढे नियोजनात बसविणे अशक्य नव्हते. अध्यापक विद्यालयांतील व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतील छात्राध्यापक या दोन वर्षांत सरावपाठांसाठी वर्ग शोधत होते. त्यांना या कामाशी जोडण्याची राज्यव्यापी योजना झाली असती तर दोघांचीही गरज भागली असती.

१ जुलै २०२१ पासून राज्यात दुसरी ते दहावीसाठी पंचेचाळीस दिवसांचा 'सेतू अभ्यासक्रम' राबविण्यात आला. मागील इयत्तेतील महत्त्वाच्या घटकांवर दिवसनिहाय कृतिपत्रिका आणि ठरावीक टप्प्यांवर तीन चाचण्या, अशी त्याची रचना होती. मूल कोठे अडले आहे हे आधी पाहावे आणि मग शिकवावे, हा विचार त्यात प्रथमच राज्यस्तरावर रीतसर मांडला गेला. तोवर शाळा बंद होऊन पंधरा महिने उलटले होते. २०२२ च्या 'असर' सर्वेक्षणात ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण ६९.६ टक्के आढळले. २०१८ मध्ये ते ७३ टक्के होते. तिसरी-पाचवीच्या तुलनेत ही घसरण कमी असली, तरी या मुलांना ती भरून काढण्यासाठी प्राथमिक शाळेतील एकही वर्ष शिल्लक नव्हते.

शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर बहुतेक ऑनलाइन वर्ग थांबले. व्हॉट्सॲपचे गट मात्र बंद झाले नाहीत. त्यांवर आता सुट्ट्यांच्या सूचना, शासकीय फॉर्म आणि गृहपाठ येतो. वह्यांची छायाचित्रे त्यांवर क्वचितच दिसतात. वह्या पुन्हा शिक्षकांच्या टेबलावर जमा होऊ लागल्या आहेत.